श्रीमंतांच्या गाडीच्या वायरी सोडोन पुन्हा गुंडाळिल्या, त्याची हकिकत

विघ्ने ज्याच्या आज्ञेने येतात आणि ज्याच्या आज्ञेने जातात त्या गणरायास, आणि त्याखालोखाल बॅटरीच्या दोन्ही टोकांस नमन करोन हकिकत लिहिली जाते ऐसी जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिणेचे प्रयोजन नाही व लिहिले तरी नकाशात सापडणार नाही, श्रीमंत धैर्यशीलराव ढमाले राज्य करीत होते. राज्य म्हणजे तळमजल्याचे घर, आणि घरापुढे अंगण, आणि अंगणात एक पेरूचे झाड, आणि झाडाखाली पत्र्याची शेड, आणि शेडीत एक जुनी मोटारगाडी. श्रीमंत साखर कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त जाहले होते. फौज नव्हती, खजिन्याची किल्ली राणीसाहेबांपाशी होती. परंतु गाडी होती, आणि गाडी आहे तोवर आपण राजे आहो, ऐसे श्रीमंतांचे मत होते. या मताची खातरजमा दुसऱ्या कोणाकडून होऊ शकली नाही.

तर त्या गाडीचे वय बहुत जाहले. तिच्या अंगात वायरींचा जो मोठा जुडगा इंजिनापासून मागच्या दिव्यांपर्यंत फिरतो, ज्यास कारागीर लोक हार्नेस म्हणतात, त्यावरील जुनी टेप उन्हाने वितळोन काकवीसारखी जाहली, आणि जेथे वितळली नाही तेथे तिचा भुगा जाहला, आणि आतील वायरी एकमेकींस उघड्या अंगाने भेटो लागल्या. मग ऐसे होई की श्रीमंतांनी हॉर्न दाबावा आणि वायपरने उठोन कोरडी काच पुसावी. राणीसाहेब हसत. श्रीमंत म्हणत, "समोरचा बाजूला झाला ना? मग झालं तर." ऐशा समयी पासिंगची तारीख आली. जुन्या गाडीने नेमिल्या दिवशी सरकारी माळावर जावे, आणि तेथील साहेबाने दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक पाहावे, आणि रस्त्यावर फिरण्याची मोकळीक द्यावी किंवा न द्यावी, ऐसा दस्तूर आहे. दसऱ्यानंतरचा सोमवार नेमिला गेला.

राणीसाहेब उज्ज्वलाबाई यांनी हे वर्तमान ऐकोन चहाचे वेळी तह मांडिला. या राणीसाहेबांनी गाडी चालविणे रीतसर शिकोन परवाना काढोन ठेविला होता, परंतु श्रीमंतांनी आपल्या गाडीचे चाक त्यांचे हाती कधीही दिले नव्हते. मागितले की म्हणत, "क्लच नाजूक आहे गं तिचा. तुला अंदाज नाही." आणि परवाना कपाटात साड्यांखाली निजोन राही. तर राणीसाहेब बोलिल्या, "हे बघा, सोमवारी पास झाली तर राहू दे गाडी. मी पुन्हा शब्द काढणार नाही. नापास झाली तर भंगारात. मग नवी छोटी घ्यायची, आणि ती मी चालवणार. कबूल?" श्रीमंतांनी बशीतील चहा संपविला आणि म्हणाले, "कबूल." राजे लोक आपला शब्द किती हलक्या हाताने देतात याचे हे उदाहरण आहे.

मग श्रीमंतांनी मोहीम काढिली. डॅशबोर्ड उघडिला, सीटा उपटिल्या, आणि हार्नेस मुळासकट बाहेर ओढोन अंगणात सतरंजीवर घातला, आणि जुनी टेप रॉकेलच्या बोळ्याने पुसोन काढिली, आणि नखांत जे काळे गेले ते दिवाळीपर्यंत निघाले नाही. श्रीमंत या कामी अडाणी नव्हते. दुपारभर मोबाइलवर परमुलखातील कारागिरांची कामे पाहोन ज्ञान मिळविले होते, आणि प्रत्येक वायरीच्या टोकास चिठ्ठी चिकटवोन तिचे नाव लिहिले होते: हॉर्न, डावा दिवा, वायपर, ऐसे. चूक इतकीच जाहली की चिठ्ठीवर वायरीचे नाव लिहिले, गाव लिहिले नाही. म्हणजे कोणती वायर मुख्य जुडग्यातून नेमकी कोठे फुटोन बाहेर पडते, त्या जागेची खूण कोठेच केली नाही. जुनी टेप होती तोवर ती खूण टेपच सांभाळीत होती. टेप गेली, खूण गेली. हे ते समयी कोणाचे ध्यानी आले नाही, सबब येथे आधीच लिहोन ठेविले.

मग वायरी कशाने गुंडाळाव्या या विषयी मसलत बसली. मसलतीस श्रीमंतांचे दाजी, म्हणजे वडील बहिणीचे यजमान, सर्जेराव आले. यांचे बाजारपेठेत इलेक्ट्रिकचे दुकान, आणि देह भव्य. शेजारचे हर्डीकरनाना आले, जे टेलिफोन खात्यातून निवृत्त, आणि ज्यांचे पकड-पाने श्रीमंत नेहमी उसने आणीत. आणि घरातील वडीलधारी इंदुआत्या लसूण सोलावयास घेऊन बसल्या. श्रीमंत बोलिले, "इंजिनाच्या बाजूला उष्णता फार. तिथं लांबीत चिरलेली प्लास्टिकची नळी घालायची आणि वर उष्णता सोसणारी कापडी टेप. आत कॅबिनमध्ये मऊ कापडी टेप, म्हणजे खडखड वाजणार नाही. मी शहरातून मागवलीय." हे बोलणे सर्वथा बरोबर होते. म्हणोनच ते कोणी ऐकिले नाही.

सर्जेरावदाजी म्हणाले, "पाव्हणं, कापडी टेप? दुखापतीला गुंडाळताय व्हय? माझ्या दुकानात काळ्या टेपचा खोका पडलाय. चकचकीत. ती घ्या." श्रीमंत हळूच म्हणाले, "दाजी, तीच वितळली होती आधीची." दाजी म्हणाले, "ती माझ्या दुकानातली नव्हती." हर्डीकरनानांनी चष्मा पुसिला आणि म्हणाले, "टेप ही मुळात आळशी माणसाची सोय आहे. आमच्या एक्स्चेंजमध्ये मेण लावलेला दोरा असायचा. बोटभर अंतरावर एकेक गाठ. शेकडो वायरी, पण केस विंचरल्यासारख्या. माझ्याकडे रीळ आहे अजून." आणि आत्याबाई लसणाकडे पाहातच बोलिल्या, "कापडच लावायचं ना? मग विकतचं कशाला आणलंस, धैर्या? माझं जुनं लुगडं आहे, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालंय. पट्ट्या फाडून देते."

आता श्रीमंतांपुढे पेच पडिला. दाजी म्हणजे घरचे जावई. त्यांचा शब्द मोडिला तर ताईसाहेबांचा फोन येणार. नानांचा शब्द मोडिला तर पकड-पाने बंद. आत्याबाईंचा शब्द मोडणे तर या राज्यात कोणास जमलेच नव्हते. खरा राजा असता तर म्हणाला असता की गाडी माझी, टेप माझी, तुम्ही चहा घ्या आणि निघा. श्रीमंतांनी मानपान राखिला. हार्नेसचे तीन प्रांत केले आणि इंजिनाकडील प्रांत दाजींस, डॅशबोर्डाचा प्रांत नानांस, आणि मागील दिव्यांचा प्रांत आत्याबाईंस तोडोन दिला, आणि तिघेही संतुष्ट जाहले. शहरातून आलेली कापडी टेप तेवढी डब्यात राहिली. राणीसाहेब चहाचे कप उचलताना म्हणाल्या, "सगळ्यांचं ऐकलंत. गाडीचं कोण ऐकणार?" श्रीमंतांनी हे टोमण्यात जमा केले.

तो खंडेनवमी आली. या दिवशी घरोघर शस्त्रांची पूजा होते, आणि शस्त्रे नसतील तेथे हत्यारे, यंत्रे, वाहने यांची होते, आणि पूजा लागलेली वस्तू दसऱ्यापर्यंत कोणी हलवीत नाही. गाडीस हार घालावा तर गाडीच्या पोटात काही नव्हते. म्हणोन आत्याबाईंनी ठरविले की पूजा हार्नेसची करावी. देवघरापुढे स्वच्छ चादर घातली, आणि आत्याबाई, ज्यांचे रांगोळीत नाव होते, त्यांनी त्या उघड्या वायरी आपल्या हाताने मांडिल्या. एक फाटा उजवीकडे, त्याच्या समोर एक डावीकडे, पुन्हा एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे, सारख्या अंतराने, जैसा काही वेल. जो फाटा जवळ वाटला तो वर सरकविला, जो लांब वाटला तो आत ओढिला. वायरी मोकळ्या होत्या, म्हणोन सुखाने सरकल्या. मग हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले वाहिली, आणि सर्वांनी हात जोडिले. श्रीमंतांच्या मनात काहीतरी खटकले. परंतु हळदकुंकू लागलेल्या वस्तूविषयी शंका काढणे बरे नव्हे, म्हणोन शंका गिळिली आणि प्रसादाचा शिरा घेतला.

दसऱ्याचे दिवशी तिन्ही सरदार आपापल्या प्रांतात उतरले. श्रीमंत म्हणाले, "जरा उचलून गाडीशेजारी नेऊ या का?" आत्याबाई म्हणाल्या, "देवापुढची मांडणी आहे. मोडू नका. आहे तशीच गुंडाळा, बघ किती सुरेख दिसतीय." आणि सुरेख दिसत होती यात संशय नाही. मग दाजींनी टेप ताणोन ताणोन, अर्ध्यावर अर्धी चढवीत, ऐसी गुंडाळिली की इंजिनाकडील भाग काळ्या नागासारखा लखलखो लागला. नानांनी मेणाच्या दोऱ्याने गाठी मारिल्या, आणि एक गाठ केसभर सरकली तर ती सोडोन पुन्हा मारिली. आत्याबाईंनी लुगड्याच्या हिरव्या पट्ट्या गुंडाळोन शेवट सुईदोऱ्याने टाचिला. संध्याकाळी सोने द्यावयास आलेल्या लोकांनी हार्नेस पाहिला आणि म्हणाले, "वा! हे गाडीत घालायचंय? भिंतीवर लावा की." श्रीमंत त्या दिवशी दोन बोटे उंच जाहले होते, ऐसे प्रत्यक्ष पाहणारे सांगतात.

रविवारी सकाळी हार्नेस गाडीत चढविला. डाव्या दिव्याचा फाटा डाव्या दिव्यापाशी बरोबर पोहोचला, आणि सर्वांनी हर्ष केला. तो हर्ष अल्पायुषी ठरला. हॉर्नचा फाटा हॉर्नपासून वीतभर अलीकडे थांबला, आणि ओढिला तरी येईना, कारण दाजींची टेप घट्ट. वायपरचा फाटा सामानाच्या खणात जाऊन निघाला. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर मागच्या सीटवर बसावयास आली. हार्नेसच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या, गाडीच्या नव्हत्या. गाडीत बॅटरी एकीकडे आहे, वायपरची मोटर दुसरीकडे आहे, आणि हॉर्न जेथे आहे तेथे त्याच्या समोर काहीच नाही. वेलाचे गाडीस काय होय?

मग जे बोलणे जाहले ते दोन्ही बाजूंचे येथे दिले आहे, पदरचे काही घातले नाही. दाजी म्हणाले, "माझा भाग बघा. एक सुरकुती दावा." नाना म्हणाले, "माझ्या गाठी बरोबर आहेत. गाडी चुकली असेल." आत्याबाई म्हणाल्या, "मी देवापुढं मांडलं होतं बाबा, गाडीत नव्हतं मांडलं." श्रीमंत म्हणाले, "उसवावं लागेल. सगळंच." यावर प्रश्न उत्पन्न जाहला तो ऐसा, की प्रथम कोणाचा प्रांत उसवावा? दाजी छाती पुढे काढोन बोलिले, "पंगतीत जावयाचा मान पहिला म्हणता, मग उसवायला बी जावईच पहिला व्हय?" नाना म्हणाले, "दोरा कापायचा असेल तर मी घरी जातो. मला बघवणार नाही." आणि आत्याबाईंनी पदर डोळ्यांस लाविला, आणि त्या पदराचेच जुने भावंड गाडीत अडकले होते. दुपार होत आली. सोमवार उंबऱ्यावर. ज्या एका माणसाने हुकूम द्यावा ते श्रीमंत टायरवर बसोन पेरूच्या झाडाकडे पाहात होते, आणि झाडाकडेही सल्ला नव्हता.

तेव्हा राणीसाहेब शिवणाची लहान कात्री घेऊन शेडीत आल्या. कोणास काही न विचारिता, जेथे तिन्ही प्रांत एकत्र मिळत होते त्या मध्यावर पहिली कात्री लाविली, आणि म्हणाल्या, "दाजी, हे धरा. नाना, दोरा फेकू नका, तुकडे लागतील. आत्या, चहा टाका." आणि तिघेही, काय आश्चर्य सांगावे, सांगितले तैसे करो लागले. श्रीमंत उठोन जवळ गेले आणि कोणी ऐकणार नाही ऐशा आवाजात म्हणाले, "तू का मदत करतेस? उद्या नापास झाली तर तुझाच फायदा." राणीसाहेब हातातले काम न थांबविता बोलिल्या, "हरवायचं असतं तर मी घरात बसून टीव्ही बघितला असता. गाडी नको असं मी कधी म्हटलं? मला चालवायची आहे, एवढंच म्हटलं. तुम्हीच त्याची दोन टोकं केलीत." श्रीमंत खाली बसोन दोऱ्याचे तुकडे वेचो लागले.

मग काम उलट्या रीतीने चालिले, आणि तीच सुलट रीत होती. उघडा हार्नेस आधी गाडीत घातला. प्रत्येक वायर आपल्या ठिकाणी जोडिली, मग ती जेथे आपण होऊन वळली तेथे वळो दिली, आणि जेथे फाटा फुटला तेथे नानांच्या दोऱ्याची एक गाठ मारिली. बॅटरी लावोन दिवे पाहिले, हॉर्न पाहिला, आणि हॉर्नने वायपर उठला नाही तेव्हा आत्याबाईंनी टाळी वाजविली. मग इंजिनाकडे नळी चढवोन डब्यातील कापडी टेप गुंडाळिली, दाजींनी स्वहस्ते, आणि फार ताणिली नाही. मागील बाजू जाहली. तो टेप संपली, नानांचा दोरा संपला आणि उजेडही संपला, आणि डॅशबोर्डाखालील वायरी तशाच उघड्या लोंबत राहिल्या, एका घोसासारख्या, नेमक्या ब्रेक आणि क्लचच्या वर.

सोमवारी सकाळी दाजी दुकानात, नानांस गाडी चालविता येत नाही, आणि माळावर जावयाचे तर तो घोस कोणीतरी दोन्ही हातांनी उचलोन धरिल्यावाचून गत्यंतर नाही. सोडिला तर चालविणाऱ्याच्या पायांत येणार. आणि कोणती वायर कोठे दाबली जाऊ नये, हे फक्त श्रीमंतांस ठाऊक. श्रीमंतांनी आधी चाकाकडे पाहिले, मग घोसाकडे पाहिले, मग आपल्या दोन हातांकडे पाहिले. हात दोनच होते. राणीसाहेबांनी कपाटातील साड्यांखालून परवाना काढोन पर्समध्ये घातला, चपला बाजूस करोन बूट चढविले, सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीचा केला, आणि म्हणाल्या, "धरा."

स्वारी निघाली. राणीसाहेब चाकावर, आणि श्रीमंत डाव्या सीटवरून वाकोन, डॅशबोर्डाखाली हात घालोन, वायरी छातीशी धरोन, जैसे तान्हे मूल. पहिल्या वळणावर श्रीमंत म्हणाले, "क्लच जरा..." आणि बोटाने दाखवावयास गेले तो घोस खाली उतरला. राणीसाहेब म्हणाल्या, "हात हलवू नका. दोघंही मरू." श्रीमंतांनी हात आवरिला. मग उतारावर म्हणाले, "गिअर..." राणीसाहेब म्हणाल्या, "टाकला." आणि टाकला होता. बोट दाखविता येत नाही ऐशा माणसास गाडीविषयी बोलण्यासारखे फार काही उरत नाही, हा शोध श्रीमंतांस पाण्याच्या टाकीपाशी लागला. त्यापुढे ते रस्ता पाहात बसले. या बाजूने रस्ता त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. क्लच एकदाही कुरकुरला नाही, हेही त्यांच्या ध्यानी आले, आणि ते मनास लागले.

माळावर साहेब आले. दिवे लावा म्हणाले, लागले. वायपर, चालिला. ब्रेक दाबविला, गाडी जागीच थांबली. "हॉर्न," साहेब म्हणाले, आणि श्रीमंतांनी डोळे मिटिले, कारण हात जोडणे शक्य नव्हते. हॉर्न वाजला, आणि वायपर आपल्या जागी निजोन राहिला. साहेबांनी खिडकीतून वाकोन पाहिले आणि विचारिले, "हे काका काय धरून बसलेत?" राणीसाहेब म्हणाल्या, "वायरिंग. टेप संपली." साहेब म्हणाले, "बांधून घ्या ते लवकर. गाडी कुणाची?" श्रीमंतांनी तोंड उघडिले. तोवर राणीसाहेब बोलोन गेल्या, "यांची. चालवते मी." साहेब मान हलवोन पुढच्या गाडीकडे गेले. गाडी पास जाहली.

परतीचे वेळी माळाच्या फाटकाबाहेर श्रीमंत म्हणाले, "थांब. आता मी घेतो." राणीसाहेबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेविले, आणि विचारिले, "आणि वायरी कोण धरणार?" श्रीमंतांनी विचार केला. गाडी जिंकिली होती, तहाप्रमाणे ती राहणार होती, राणीसाहेब शब्द काढणार नव्हत्या, आणि शब्द त्यांनी खरोखरच काढिला नव्हता. नुसते विचारिले होते. "चल," श्रीमंत म्हणाले, आणि घोस नीट छातीशी घेतला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गाडी श्रीमंतांची राहिली, राज्य राहिले, आणि डावी सीट श्रीमंतांच्या उंचीप्रमाणे मागे सरकविली गेली. नवी कापडी टेप शहरातून त्याच आठवड्यात येऊन पोहोचली. श्रीमंतांनी ती डिकीत, जॅकच्या मागे ठेविली आहे, आणि डॅशबोर्डाखालील वायरी अद्याप उघड्या आहेत. बाजारास निघताना राणीसाहेब विचारितात, "ते कधी गुंडाळणार?" श्रीमंत डावे दार उघडोन बसतात, दोन्ही हात डॅशबोर्डाखाली घालतात, आणि म्हणतात, "टेप मागवलीय." मिळाले तैसे लिहिले, लेखनसीमा.